एकेचाळीस खोडी

गाडी विकायची की नाही यावर आम्ही दोन वर्षं बोलत होतो, आणि शेवटी ते एका मिनिटात ठरलं. सुनंदाने मागच्या दाराच्या लोखंडी पायरीवर पाय ठेवला, वर चढायला दांडा धरला आणि तशीच थांबली. मग पाय खाली घेऊन म्हणाली, "आता हिच्यासाठी कोणीतरी गुडघेवाला बघा."

ती मूळची एका शाळेची मिनीबस. शाळा बंद पडली तेव्हा मी ती घेतली. मी नुकताच जळगावच्या एका महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो होतो. आयुष्यात मी एकच धाडस केलं, ते हे. गाडीला पांढरा रंग दिला, तरी दारांच्या कडांना जुना पिवळा अजून दिसतो. आतलं सगळं काम भुसावळच्या गिरधरभाऊंनी केलं. त्यांची सगळी नोकरी रेल्वेचे डबे दुरुस्त करण्यात गेली होती, त्यामुळे आमचे पलंगही रेल्वेच्या बर्थसारखे झाले, साखळीवर खाली येणारे. पाण्याची टाकी, हातपंप, गॅसची शेगडी, पडद्यामागे लहानसा संडास, टपावर दोन सौर पॅनेल आणि बाकाखाली बॅटऱ्या. वीज नाही, नळ नाही अशा जागी आठ-आठ दिवस राहता येईल अशी सोय होती.

सहा हिवाळे आम्ही राहिलो. सातपुड्याच्या पायथ्याने, तापीच्या काठाने, पश्चिमेला पार डांगच्या हद्दीपर्यंत. मी वाचत बसायचो आणि सुनंदा शेजारच्या शेतातल्या बायकांशी ओळख काढायची. जळगावात, मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत गाडीला 'ग्रंथपालांची वरात' म्हणत. मला ते आधी लागायचं, पुढे सवय झाली.

विकायचं ठरल्यावर शेजारच्या तेजसने मोबाइलवर जाहिरात टाकून दिली. मी त्याला दोन पानं लिहून दिली होती. त्याने चार ओळी ठेवल्या आणि म्हणाला, "नाना, लोक गाडी घेतात, प्रबंध नाही."

फोन आले. एकाला आतलं सगळं काढून टाकून पावभाजीची गाडी करायची होती. एकाला फक्त बर्थ हवे होते. मला कोणालाच नाही म्हणता येईना. "बघून सांगतो," असं म्हणून मी फोन ठेवायचो आणि पुन्हा वाजला की सुनंदाकडे द्यायचो. ती एका वाक्यात नाही म्हणायची.

मग धुळ्याहून ज्योत्स्नाचा फोन आला. वय असेल तिशीच्या आतबाहेर. एका चष्म्याच्या दुकानात ती सात वर्षं काम करत होती, डोळे तपासायचं शिक्षणही झालं होतं. साक्री तालुक्यात पश्चिमेकडे आठवडे बाजारांना जाऊन तिला चष्मे करून द्यायचे होते. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना चष्मा म्हणजे धुळ्याच्या दोन फेऱ्या, एक नंबर काढायला आणि एक चष्मा आणायला. दोन दिवसांची मजुरी जाते म्हणून बहुतेक जण चष्म्याशिवायच राहतात, असं तिने सांगितलं. तिला बाजारात सकाळी नंबर काढून दुपारी चष्मा हातात द्यायचा होता. आदल्या रात्री तिथेच मुक्काम करता येईल अशी गाडी हवी होती. दुकानातली नोकरी तिने महिनाअखेर सोडली होती आणि काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करायचं एक जुनं मशीनही घेऊन ठेवलं होतं.

"नाना, एकच विचारते," ती म्हणाली. "त्या सौरवर माझं मशीन दिवसभर चालेल ना? ते नाही चाललं तर मला परत दुकानातच जावं लागेल."

मी म्हणालो, "चालेल."

फोन ठेवल्यावर मी कागद घेऊन हिशेब मांडला. पॅनेल किती, बॅटऱ्या किती, मशीनला किती लागतं. कागदावर ते बसत होतं. पण आम्ही त्या विजेवर दोन दिवे, एक पंखा आणि रेडिओ याशिवाय कधी काही लावलं नव्हतं. खरं उत्तर 'माहीत नाही' हे होतं. ते मला का म्हणता आलं नाही, कुणास ठाऊक. मुलीच्या आवाजात इतकी आशा होती की माझ्या तोंडून ते निघून गेलं.

रविवारी ती गाडी बघायला आली ती आजोबांना घेऊन. सुपडूआबा, ऐंशीच्या पुढचे, खांद्यावर पांढरं उपरणं. धुळ्याच्या बैलबाजारात त्यांनी पन्नास वर्षं दलाली केली होती. गाडी आमच्या दारातल्या कडुनिंबाखाली उभी होती. आबांनी तिला एक पूर्ण फेरी मारली. खूर बघावे तसे टायर दाबून पाहिले. दात बघावेत तसं बॉनेट उघडायला लावून आत वाकून पाहिलं. मग मागचं दार उघडून बर्थ, शेगडी, पडदा सगळं निरखलं आणि विचारलं, "हाई गाडी शे का घर शे?"

"दोन्ही आहे, आबा," सुनंदा म्हणाली.

"मंग दोन्हीस्न्या खोडी सांगा."

मी आत जाऊन वही आणली. गाडी घेतली त्या वर्षापासून मी तिच्यात लिहीत होतो. एकेचाळीस खोडी झाल्या होत्या, क्रमांक घालून. आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून ज्योत्स्नाने मोठ्याने वाचायला घेतलं. तीन, डावं दार पावसात फुगतं, खांद्याने ढकलावं. नऊ, हातपंपाला आधी पेलाभर पाणी पाजावं लागतं. चौदा, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हुंदका देते, घाबरू नये. सतरा, रात्री नऊनंतर दिवे मंद होतात. सव्वीस, वरच्या बर्थची साखळी जड माणसाने आधी ओढून पाहावी, मी एकदा पडलो आहे. आबा डोळे मिटून ऐकत होते. विसाच्या पुढे गेल्यावर ते हसायला लागले, पण आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

ऐकून झाल्यावर त्यांनी बाजाराची रीत सांगितली. हात देण्याआधी खोड सांगितली तर विकणारा मोकळा, पुढे त्याला कोणी बोल लावायचा नाही. पण खोड लपवली आणि मागाहून निघाली, तर बैल परत येतो आणि त्या माणसाच्या दावणीकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. तीन चहा पाजल्यावर एक खोड कबूल करणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. नातीकडे वळून ते म्हणाले, "हाऊ माणूस येडा शे का साधा शे, हाईच माले समजत नही."

"दोन्ही आहेत," सुनंदा परत म्हणाली.

पण ऐकून बैल घेत नाहीत, जुंपून बघतात, असं आबांचं म्हणणं पडलं. म्हणून ठरलं की येत्या बाजाराला मशीन गाडीत ठेवून पिंपळनेरला जायचं आणि दिवसभर काम करून पाहायचं. चाललं तर तिथेच सौदा.

सुनंदा मागे राहायला तयार नव्हती. प्लॅस्टिकचं स्टूल लावून आम्ही तिला पुढच्या सीटवर चढवलं. आदल्या दिवशी धुळ्याला पोचलो, ज्योत्स्नाच्या घरी राहिलो आणि सकाळी मशीन चढवून निघालो. महाशिवरात्र होऊन गेली होती. सकाळी हवा बरी होती, पण साक्री सोडेपर्यंत उन्हाला धार आली.

पिंपळनेरला आम्ही लवकर पोचलो, म्हणून जागा निवडता आली. बाजाराच्या मैदानाच्या कडेला एक जुनी चिंच होती, घोंगडीसारखी दाट. एका कांदेवाल्याने हात करून करून मला मागे घेतलं. तीन खेपांत गाडी बरोबर बुंध्याशी लागली. आबा खाली उतरले, वर पाहिलं आणि म्हणाले, "जागा भारी दखी, नाना." सगळ्या बाजारात तशी सावली दुसरी नव्हती. मला कौतुकाची सवय नाही. मी उगाच गाडीची काच पुसत राहिलो.

ज्योत्स्नाने दाराला पाटी टांगली, बुंध्याला अक्षरांचा तक्ता लावला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या तक्त्यावर उलट्यासुलट्या खुणा होत्या. सुनंदा बाहेर स्टुलावर बसली आणि अर्ध्या तासात रांगेची मालकीण झाली. आधी लोक नुसतं घर बघायला आले. मग एका मास्तरांनी धीर केला. मग त्यांच्यामागून चार जण. माझ्याकडे नाव लिहून घ्यायचं काम होतं. मशीन बारीक आवाजात चालत होतं आणि काचेची पांढरी धूळ पाण्याबरोबर डब्यात पडत होती. अकरापर्यंत सहा चष्मे झाले. ज्योत्स्ना दर चष्म्याला एकदा माझ्याकडे बघून हसायची. मी मान हलवायचो.

सातवी लिलाबाई. साठीची असेल. बांबूच्या टोपल्या विकायला आली होती. तिच्या डाव्या हाताच्या बोटाला चिंधी होती. बांबूच्या काड्या काढताना कोयता बोटावर येतो, जवळचं दिसत नाही, असं तिने सांगितलं. अडीचच्या जीपने तिला गावी परतायचं होतं, त्यानंतर जीप नव्हती. ज्योत्स्नाने नंबर काढला, एक काच घासली, फ्रेममध्ये बसवली. दुसरी मशीनला लावली आणि आवाज बदलला. घसा बसावा तसा तो खाली खाली गेला आणि थांबला.

ज्योत्स्नाने बटण तीनदा दाबून पाहिलं. मग ती फडकं घेऊन मशीन पुसायला लागली. ते स्वच्छच होतं.

"नाना, असं कधी होतं का?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मी बाकाची फळी उघडून आत पाहिलं. तारा जागेवर होत्या. लाल दिवा लागला होता. पेटीतून माहितीपुस्तक काढून चाळायला लागलो. घाईत पानं दोन-दोन उलटत होती. बाहेर बारा-चौदा माणसं थांबली होती. सुनंदा त्यांना सांगत होती की मशीन जरा दम घेतंय. आबा बुंध्याला टेकून बसले होते. त्यांच्याकडे बघणं मला जड जात होतं. ज्योत्स्नाच्या तोंडाकडे तर मी बघितलंच नाही. तिने महिनाअखेर नोकरी सोडली होती, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

लिलाबाईने मात्र एका काचेचा चष्मा घातला होता. एक डोळा झाकून ती आपल्या टोपलीची वीण बघत होती, मग दुसरा झाकून तीच वीण बघत होती, आणि हसत होती. मी दारात आलो तेव्हा तिने टपाकडे बोट करून विचारलं की वरच्या त्या काळ्या फळ्या कशाला आहेत.

मी सांगितलं, त्या ऊन खातात. त्यावर मशीन चालतं.

तिने वर चिंचेकडे पाहिलं. एका काचेतून पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं.

"मंग ऊन कोठे शे?" ती म्हणाली.

मी पायरीवरच बसलो. माहितीपुस्तक माझ्या हातात होतं आणि ते वाक्य त्यात होतं. पॅनेलवर सावली पडू देऊ नये. सहा वर्षांपूर्वी मी ते वाचलं होतं, पेन्सिलीने खाली रेघही ओढली होती. रेघ अजून दिसत होती. आणि सहा वर्षं मी काय केलं, तर कुठेही पोचलो की आधी झाड शोधलं. आपल्याकडे उन्हात कोणी सायकलसुद्धा उभी करत नाही. लिंब, चिंच, आंबा, काही नसलं तर बाभूळ. घरी दारातही कडुनिंबाखाली. रात्री दिवे मंद झाले की मी म्हणायचो, सौर म्हणजे एवढंच असतं, आणि आम्ही झोपायचो. ते वाक्य मला पाठ होतं. त्याचा गाडीशी काही संबंध आहे, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

मी ज्योत्स्नाला सांगितलं. तिने वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तिनेही सकाळी सावलीचं कौतुकच केलं होतं. गाडी बाहेर काढणं सोपं नव्हतं. तोपर्यंत पुढे मिरच्यांचा ढीग लागला होता, बाजूला मडकी. मिरचीवालीला पटेना की इतकी सावली सोडून शहाणी माणसं उन्हात का चालली आहेत. शेवटी सुनंदाने तिला आपली सावलीतली जागा देऊ केली, तेव्हा ढीग सरकला. मैदानाच्या मधोमध, जिथे कुत्रंही बसत नव्हतं, तिथे मी गाडी उभी केली.

पाऊण तासाने लाल दिवा गेला. आणखी थोड्या वेळाने मशीन फिरलं. दोन वाजून दहा मिनिटांनी लिलाबाईची दुसरी काच बसली. तिने चष्मा घातला, बोटाची चिंधी सोडली, जखम नीट बघून घेतली आणि पुन्हा बांधली. मग टोपल्या उचलून जीपकडे गेली.

साडेतीनपर्यंत मशीन थांबलं नाही. आत भट्टी झाली होती. ज्योत्स्ना डोक्यावर ओला पंचा घेऊन काम करत होती आणि तिच्या तोंडावर सकाळचं हसू परत आलं होतं. पंधरावा चष्मा दिला तेव्हा आबा काठी टेकत उठले.

"बैल चालना," ते म्हणाले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी डाव्या हातावर पसरलं आणि उजवा हात खालून माझ्याकडे केला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबून ठरवतात, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. तो हात धरला की बोलणी सुरू, आणि मग मागे फिरणं नाही.

मी हात पुढे केला नाही. पाठीमागेच धरून ठेवला.

वाचून जेवढं कळतं तेवढं मला कळत होतं. बॅटरी वर्षानुवर्षं अर्धपोटी ठेवली तर ती मरत जाते. आमच्या बॅटऱ्या सहा वर्षं अर्धपोटी होत्या. सकाळी सहा चष्म्यांतच त्या संपल्या होत्या. दुपारी मशीन चाललं ते बॅटऱ्यांवर नाही, माथ्यावरच्या उन्हावर चाललं. सकाळी आठला, ढगाळ दिवशी, ऊन कललं की ते पुन्हा थांबणार. हे तिथे फक्त मलाच समजलं होतं. पाच मिनिटं गप्प राहिलो असतो तर गाडी गेली असती, आणि तीही मला हवी तशी, तिच्यात राहणाऱ्या माणसाकडे. सांगितलं तर ही मुलगी काउंटरमागे परत जाणार आणि गाडी पावभाजीवाल्याकडे. आबांचा हात तसाच पुढे होता. सुनंदा म्हणाली, "अहो, काय झालं?"

"आबा," मी म्हणालो, "हात द्यायच्या आधी एक खोड राहिलीय."

आणि सांगितलं. नीट सांगता आलं नसावं, कारण ज्योत्स्नाने दोनदा विचारलं. मग ती पायरीवर बसली.

"म्हणजे सकाळी नाही चालणार?"

"सकाळी आजच्यासारखे पाच-सहा चष्मे, बस. ढग आले तर तेही नाही. आता इथून पुढे किती वेळ, तेही मला माहीत नाही."

"फोनवर तुम्ही चालेल म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. तेव्हाही माहीत नव्हतं. तरी म्हणालो."

ओला पंचा तिने डोक्यावरून काढला आणि मांडीवर घडी घालत बसली. मिरचीवालीच्या शेजारून सुनंदाचा आवाज आला. "पोरी, सावलीत लावा, सावलीत लावा, असं दर वेळी मीच म्हणायची. यांनी एकदा उन्हात लावली होती तर मी दोन दिवस बोलले नाही. ती खोड माझी आहे."

आबांनी उपरणं हातावर तसंच ठेवून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"खोड गाडीनी नही," ते म्हणाले. "तुमनी शे. तुमी तं गाडीसंगे येत नही ना?"

ज्योत्स्ना हसली. मनापासून नाही, पण हसली. मग उठली आणि मला सरळ विचारलं की बॅटऱ्या नव्या घातल्या तर मशीन सकाळपासून चालेल का. मी म्हणालो की कागदावर चालतं. आज दुपारचं पाहून मलाही वाटतं की चालेल, पण गाडी रोज उन्हात ठेवली तरच, आणि पावसाळ्याची खात्री मी देत नाही. तिने मान हलवली. मग रांगेतल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं आणि घड्याळ काढून मशीनशेजारी ठेवलं. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. पाच वाजून पाच मिनिटांनी मशीनचा आवाज खाली आला. आणखी तीन चष्मे झाले होते. तोपर्यंत निम्मा बाजार उठला होता, कांदेवाला पोती बांधत होता.

"माणसं पाचला जातातच," ज्योत्स्ना म्हणाली, जास्त करून स्वतःशीच. "सकाळचं तेवढं जमवायला पाहिजे." मग आबांकडे पाहून, "आबा, घेते मी."

आबांनी पुन्हा उपरणं पसरलं. आता मी हात दिला. त्यांचा हात कोरडा, खरखरीत होता. त्यांनी माझी तीन बोटं दाबली, मग तळव्यावर काहीतरी केलं, मग पहिलं बोट धरून थांबले. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी परत दाबलं, जरा जोरात. मी म्हणालो, "हो का?"

"ह्यास्ले काय समजस?" आबा वैतागून सुनंदाला म्हणाले.

"पुस्तकातलं सगळं," ती म्हणाली. "व्हा बाजूला. आबा, माझा हात घ्या."

सुनंदा रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. लहानपणी वडिलांच्या मागे बैलबाजारात बसायची, हे मला माहीत होतं. तिला बोटांची भाषा येते, हे लग्नाला सेहेचाळीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं. आबा घुटमळले. पन्नास वर्षांत त्यांनी बाईच्या हातावर उपरणं टाकलं नव्हतं.

"आबा, घेणारीही बाईच आहे," ज्योत्स्ना म्हणाली.

त्यांनी टाकलं. दोघं स्टुलांवर समोरासमोर बसली, मध्ये पांढरं उपरणं हलत होतं. आबांच्या भुवया एकदा वर गेल्या. सुनंदा रस्त्याकडे बघत होती, जणू बसची वाट बघतेय. मिरचीवाली आपलं आवरणं सोडून उभी राहिली होती. एकदा आबांनी हात काढून घ्यायचा प्रयत्न केला असावा, पण सुटला नाही. मग उपरणं थांबलं.

"जमनं," आबा म्हणाले आणि हात चोळू लागले.

परत येताना गाडी ज्योत्स्नाने चालवली. डोळ्यांच्या शिबिरांची जीप ती चालवत असे, त्यामुळे तिला जड गेलं नाही. आबा पुढे तिच्याशेजारी बसले. सुनंदाला मागच्या दाराने वर घेताना मी खालून आणि ज्योत्स्ना वरून असे दोघं लागलो. ती खालच्या बर्थवर पाय लांब करून बसली, मी समोरच्या. सहा वर्षांत मी चालत्या गाडीत मागे कधीच बसलो नव्हतो. मागच्या काचेतून रस्ता आपल्यापासून दूर जाताना दिसतो. त्याची थोडी भीती वाटते, मग नाही वाटत.

साक्री आली तेव्हा मी हळूच विचारलं, "कितीला?"

"तुम्ही धरला होता त्या भावापेक्षा कमी," ती म्हणाली. "आणि नव्या बॅटऱ्या आपण घालून द्यायच्या. ते आधी ठरवलं, मग भाव."

"आबा कबूल झाले?"

"त्यांना बॅटऱ्यांचं बोट नव्हतं माहीत. मी नवीन काढलं." तिने बर्थची उशी पाठीमागे घेतली आणि डोळे मिटले.

पुढून ज्योत्स्नाने आरशातून पाहत विचारलं, "नाना, आज सात जणांचे नंबर काढलेत आणि चष्मे राहिलेत. पुढच्या बाजाराला देते म्हणून सांगितलंय. सकाळी नऊला बसतील ती माणसं येऊन. तोपर्यंत बॅटऱ्या होतील?"

मी पुढच्या बाजारापर्यंतचे दिवस बोटांवर मोजले.

"आज आम्ही तुझ्याकडेच राहतो," मी म्हणालो. "उद्या दुकानं उघडली की घेऊ. बसवता मला येत नाहीत, माणूस शोधावा लागेल."

"माणूस मी आणते," ती म्हणाली आणि पुढच्या वाहनाला वाट देण्यासाठी गाडी कडेला घेतली.